आधी खाली, मग वर

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत एक तक्रार अशी आहे, की तिच्यात बिघाड नसतो. गिऱ्हाईक गाडी भिंतीकडे तोंड करून लावतं, लाईट लावून सेल्फ मारतं आणि भिंतीवरच्या उजेडाकडे बोट दाखवतं. "भाऊ, या लाईटले काय व्हयनं?" उजेड झर्रकन खाली गेलेला असतो, क्षणभर तळाशी थांबतो आणि मग वर चढून एका जागी बसतो. सेकंड हँड का होईना, नवी घेतलेली गाडी पहिल्याच दिवशी अशी मान हलवायला लागली तर माणूस घाबरणारच. त्यातून गाडी महाग.

खांडबाऱ्यात या गाड्या बहुतेक सुरतेकडून येतात. आमचा नवापूर तालुका गुजरातला इतका चिकटलेला आहे, की नवापूर स्टेशनचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. सुरतेत कुणी चार-पाच वर्षं वापरून काढलेली झेनॉन दिव्यांची गाडी इकडे येते, आणि तिच्याबरोबर आम्हा वायरमन लोकांसाठी नवा अभ्यास येतो. त्याआधी सगळा कारभार एच-फोर बल्बचा. साठ-पंचावन्न वॉट, मागे तीन पिना. रबरी बूट ओढायचा, स्प्रिंग सोडायची, बल्ब बदलायचा, हात पुसायचे. फोकस खाली-वर करायचा तर पेचकस घालून स्क्रू फिरवायचा. त्या दिव्याला स्वतःचं असं काही मत नव्हतं.

या नव्या दिव्यांच्या मागे एक छोटी स्टेपर मोटर असते. तिचा दांडा पुढे-मागे सरकतो आणि आतला प्रोजेक्टर झुकतो. साध्या मोटरपेक्षा हिची तऱ्हा वेगळी. गाडीतला कंप्युटर, म्हणजे ईसीएम, तिला म्हणतो, इतकी पावलं पुढे, इतकी मागे. ती तेवढी टाकते. पण ती नेमकी कुठे उभी आहे याची पोच तिच्याकडून येत नाही. जुन्या पद्धतीच्या लेव्हलिंग मोटरमध्ये जागा सांगणारा पोटेन्शिओमीटर असायचा, इथे बहुधा तो नसतो. गाडी बंद करताना शेवटची जागा लिहून ठेवली तरी सकाळपर्यंत त्या नोंदीवर विसंबता येत नाही. मधल्या वेळात कुणी बॅटरी काढलेली असते, कनेक्टर सोडलेला असतो. म्हणून दरवेळी सुरुवात पहिल्यापासून. रात्री लाईट गेली की आपण आधी भिंत चाचपतो, हाताला भिंत लागली की मग दार कुठे ते कळतं, तसंच हे. ईसीएम मोटरला पूर्ण प्रवासाला लागतात त्याहून जास्तच पावलं खाली टाकायला लावतो. दांडा टोकाला टेकतो, उरलेली पावलं जागच्या जागी वाजतात. बॉनेट उघडं ठेवून कान लावलात तर ती बारीक कटकट ऐकू येते. आता शून्य सापडलं. तिथून मोजून पावलं वर.

काही गाड्या खाली जाऊन एकदा पार वरपर्यंत जाऊन येतात. वळणाबरोबर वळणारे दिवे असतील तर डावं-उजवंही करतात. झेनॉन असेल तर हे सगळं होताना उजेडाचा रंगही बदलत असतो: आधी निळसर, काही सेकंदांनी पांढरा. गिऱ्हाइकाला वाटतं दोन बिघाड आहेत.

टेकायला खालचंच टोक का, हे मला हिशेब मांडल्यावर नीट पटलं. दिवा जमिनीपासून पासष्ट सेंटिमीटर उंच धरा. डिप्परची वरची कड शेकडा १ ने खाली झुकलेली असते, म्हणजे १० मीटरवर १० सेंटिमीटर. ती कड ६५ मीटरवर रस्त्याला टेकते. आता गाडीत मागे माणसं आणि सामान भरलं आणि मागची बाजू पुढच्यापेक्षा पाच सेंटिमीटर जास्त दबली. दोन चाकांमधलं अंतर २६० सेंटिमीटर असेल तर नाक जवळजवळ शेकडा २ ने वर उचललं गेलं. शेकडा १ खाली असलेली कड शेकडा पाऊण-एक वर गेली. ती आता रस्त्याला टेकतच नाही. पन्नास मीटरवर ती जमिनीपासून एकशे दहा सेंटिमीटरच्या आसपास असते, आणि समोरून येणाऱ्या मोटारवाल्याचे डोळे साधारण तिथेच असतात. ज्या मोटरला स्वतःची जागा ठाऊक नाही, तिने चुकायचंच तर खाली चुकावं. वरच्या चुकीचा भुर्दंड दुसऱ्याला पडतो.

इकडे गाड्या भरतात त्या मागूनच. लग्नसराई, बाजार, ऊसतोडीला निघालेली बिऱ्हाडं. सीट काढून मागे बाजरीचं पोतं आणि त्यावर दोन पोरं. कोंडाईबारी घाटात रात्री समोरून अशी दबलेली गाडी आली की वळणावरची कड दिसेनाशी होते. त्यात एच-फोरच्या साध्या रिफ्लेक्टरमध्ये बाजारातला एलईडी बल्ब बसवलेला असेल तर बघायलाच नको. मी ते बल्ब बसवून देत नाही. शेजारी देतात, त्यांचं गिऱ्हाईक माझ्यापेक्षा जास्त आहे.

स्वतःहून लेव्हल होणाऱ्या गाडीत हा भार मोजायला सेन्सर असतो. मागच्या सस्पेन्शन आर्मजवळ, पुष्कळ गाड्यांत पुढेही एक. काडेपेटीएवढा डबा, त्याला बोटभर दांडी, दांडीला एक लिंक. आर्म वर-खाली झाला की दांडी फिरते, आतला हॉल सेन्सर तेवढा व्होल्टेज बदलतो. पाच व्होल्ट जातात, परत येताना अर्ध्यापासून साडेचारच्या दरम्यान काहीतरी यायला हवं. मागचं-पुढचं माप वजा करून ईसीएम गाडीचा कल काढतो. खड्ड्यागणिक दिवा हलू नये म्हणून साध्या प्रणाल्या मुद्दाम सावकाश चालतात. झेनॉनवाल्या चांगल्या गाड्या ब्रेक मारल्याचं आणि रेस दिल्याचंही लगेच सांभाळून घेतात.

आमच्या पावसाळ्यात आधी मरतो तो हाच सेन्सर. काळ्या मातीचा चिखल लिंकच्या प्लॅस्टिकच्या बॉल जॉइंटमध्ये बसतो, वाळतो, दगड होतो. मग एखाद्या शेतरस्त्यावर लिंक तुटते. नाहीतर कनेक्टरच्या पिनांवर हिरवं चढतं.

समोरच्या गोदामाच्या भिंतीवर मी गेरूने आडव्या रेघा मारून ठेवल्या आहेत आणि गाडी दहा मीटरवर कुठे थांबवायची तिथे जमिनीत खिळा ठोकलाय. स्कॅनर लावण्याआधी चावी फिरवून पहिले काही सेकंद मी फक्त भिंत बघतो. दोन्ही दिवे खाली जाऊन वर आले, तर मोटर, वायर, फ्यूज सगळं जागेवर आहे. एकच हलला तर न हललेल्याची मोटर किंवा तिची वायर. एकात घासल्यासारखा लांब आवाज आला तर आतला प्लॅस्टिकचा गिअर गेला. दोन्ही खाली गेले आणि तिथेच बसून राहिले, मीटरवर पिवळा दिवाही लागला, तर बहुतेक वेळा सेन्सर. ईसीएमला माप मिळत नाही म्हणून त्याने उजेड मुद्दाम खाली ठेवलाय. आणि दोन्ही हललेच नाहीत तर गिऱ्हाईक खूश असतं, "बघा, ही कशी शांत आहे." ती गाडी मी आधी उचलतो.

पुढची परीक्षा म्हणजे गॅरेजवरची दोन पोरं डिकीत बसवायची. उजेडाची कड आधी रेघेच्या वर उचलली जाते आणि थोड्याच वेळात परत रेघेवर येऊन बसते. पोरं उतरली की कड खाली पडते आणि पुन्हा चढते. पोरांना हे काम फार आवडतं, त्यामुळे कधीकधी गरज नसतानाही बसून घेतात.

राग येतो तो तारेचा. लिंक तुटली की कुणीतरी दांडी तारेने आर्मऐवजी बॉडीलाच बांधून देतं. डबा खूश, पिवळा दिवा विझला, गाडी रिकामी आहे असं ईसीएमला कायमचं कळवून टाकलं. वर डिकी भरलेली. दुसरा प्रकार म्हणजे खाली बसलेला उजेड बघून हेडलाईटचा स्क्रू फिरवून तो वर आणायचा. पुढे सेन्सर बदलला की तो स्क्रू आणि ईसीएम दोघं मिळून उजेड झाडाच्या शेंड्यावर नेतात. बरोबर पद्धत एवढीच, की गाडी रिकामी, चाकांत हवा नीट, जमीन सपाट. स्कॅनरवरून मोटर मूळ जागेला आणायची, मग स्क्रूने कड रेघेवर बसवायची, आणि मग त्या उंचीलाच शून्य म्हणून ईसीएममध्ये साठवायचं. सेन्सर किंवा मागच्या स्प्रिंगा बदलल्या तरी हे करावंच लागतं. याला अर्धा तास जातो आणि गिऱ्हाइकाला दिसण्यासारखं हाती काही येत नाही, म्हणून पैसे सांगताना माझाच आवाज खाली येतो.

कल्पना तशी नवी नाही. सस्पेन्शनला जोडून दिवे आपोआप खाली-वर करण्याची पद्धत फ्रान्समध्ये सिबिए कंपनीने १९५४ मध्येच आणली. १९६७ च्या सुधारित सित्रोएन डीएसमध्येही दिवे आपली पातळी सांभाळत, तेही ईसीएमशिवाय. सक्ती आली ती पुढे झेनॉनमुळे. एच-फोरचा डिप्पर हजार ल्युमेनच्या आसपास, झेनॉनचा बल्ब तीन हजारांच्या वर. युरोपच्या नियमात डिप्परचा बल्ब २००० ल्युमेनच्या पुढे गेला की आपोआप लेव्हल होणं आणि काच धुणं दोन्ही बंधनकारक.

आपल्याकडच्या साध्या गाड्यांत त्याऐवजी स्टिअरिंगजवळ उजेड हाताने खाली-वर करायचं एक चाक असतं, शून्य ते तीन. ते मीटरचा उजेड कमी-जास्त करायचं आहे असं मला जाणत्या ड्रायव्हरांनी सांगितलेलं आहे. ज्यांना ठाऊक असतं ते माल भरल्यावर तीनवर करतात, आणि माल उतरल्यावर ते तसंच राहतं, कारण हे चाक सेल्फ मारल्यावर आपोआप शून्यावर येत नाही. महिनाभराने तोच माणूस येतो: "दादा, लाईट कमी पडते, मोठा बल्ब टाका." मी दार उघडून चाक शून्यावर आणतो, भिंतीवर दाखवतो. बल्बची विक्री गेली. वर तो विचारतो, "याचे किती?"