जबड्याची खालची कड

दंतवैद्याकडे ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे, काढला जातो तो बहुतेक वेळा एखाद्या दाढेपायी. अक्कलदाढ आडवी आहे का, मुळाशी पू साठलाय का, कवळीसाठी हाड किती उरलंय, एवढं पाहिलं की काम झालं. पण त्याच चित्रात खालच्या जबड्याची कडही आलेली असते. पन्नाशी ओलांडलेल्या बाईचा ओपीजी असेल, तर ती कड दाताइतक्याच बारकाईने पाहायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

निरोगी जबड्यात ही कड जाड, सलग आणि गुळगुळीत असते. हाडं विरळ होऊ लागली की ती आतल्या बाजूने कुरतडल्यासारखी दिसते, मग पातळ आणि सच्छिद्र होत जाते. फिनलंडमधल्या क्लेमेट्टी आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये या बदलाच्या तीन पायऱ्या ठरवून दिल्या. पुढे युरोपातल्या ‘ऑस्टिओडेंट’ प्रकल्पाने कडेची जाडी मोजली. हनुवटीकडे जाणारी नस ज्या छिद्रातून बाहेर पडते, त्याच्या खाली ही जाडी ३ मिलिमीटरपेक्षा कमी भरली, तर त्या बाईला हाडांच्या तपासणीसाठी पाठवावं, असा त्यातून निघालेला व्यवहारी निष्कर्ष. निदान मात्र हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅननेच होतं. त्यातला टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा. ओपीजीने फक्त इशारा मिळतो. पण मनगट किंवा खुबा मोडण्याआधी मिळालेला इशारा फार मोलाचा असतो.

पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि हाड झिजवणाऱ्या पेशींवरचा लगाम सुटतो. पहिली काही वर्षं झीज झपाट्याने होते. जबडाही त्याच शरीराचा भाग आहे. मात्र ‘दातातलं कॅल्शियम निघून जातं’ हा घरोघरी पक्का झालेला समज चुकीचा आहे. दात जागच्या जागी असतो, विरळ होतं ते त्याला धरून ठेवणारं हाड. तेही एकट्याने दात पाडत नाही. हिरडीखाली साचलेलं कीटण, त्यातून होणारा पायोरिया, आटोक्यात नसलेला मधुमेह यांना असं हाड लवकर शरण जातं. महाराष्ट्रात यात मिश्रीची भर पडते. भाजलेल्या तंबाखूची ही पूड कितीतरी बायका तरुणपणापासून दातांना लावतात. तंबाखूने हिरडी मागे सरकते. पण मिश्रीला व्यसन म्हणायला घरात कोणी तयार नसतं, म्हणून ती सुटतही नाही.

दात गेले की प्रश्न संपतो, हाही असाच एक गैरसमज. दात नसलेलं हाड झिजतच राहतं, आणि खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट असते, हे आंत्ये टालग्रेन यांनी २५ वर्षांच्या पाहणीनंतर १९७२ मध्ये मांडलं. कवळी सैल होते ती म्हणून. खालची कवळी टोचते, जेवताना उचलते. मग आजी भाकरी सोडतात, शेंगदाणे सोडतात, मोड आलेली कडधान्यं सोडतात. ताटात उरतो मऊ भात आणि चहात बुडवलेलं बिस्किट. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं; तीच भाकरी बंद होते. प्रथिनं घटतात, ताकद घटते, तोल जातो. खुब्याच्या फ्रॅक्चरची तयारी अशी जेवणाच्या ताटातही होत असते. कवळी पुन्हा नीट बसवून देणं हे म्हणूनच हाडांच्या उपचाराचंही काम आहे.

आता औषधांबद्दल. २००३ मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट मार्क्स यांनी ३६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. हाडांची झीज रोखणाऱ्या बिस्फॉस्फोनेट गटाच्या औषधांनंतर त्यांच्या जबड्याचं हाड उघडं पडलं होतं आणि भरून येत नव्हतं. एकोणिसाव्या शतकात आगपेटीच्या कारखान्यांत पांढऱ्या फॉस्फरसमुळे कामगारांचे जबडे सडत, त्याची आठवण व्हावी असा हा आजार. मात्र त्याचा मोठा धोका कर्करोगासाठी दिल्या जाणाऱ्या जास्त मात्रेत असतो. ऑस्टिओपोरोसिसच्या मात्रेत तो दहा हजारांत मोजक्या जणींना होतो. मोडलेल्या खुब्याचं संकट त्याहून कितीतरी मोठं आहे. त्यामुळे दात काढायचा म्हणून स्वतःच्या मनाने औषध थांबवू नये. डेनोसुमॅब या हाडांच्या दुसऱ्या औषधाचं इंजेक्शन लांबलं तर मणक्यांची फ्रॅक्चर होऊ शकतात.

खरी सोय औषध सुरू होण्याआधी करता येते. किडलेले, हलणारे दात आधी काढावेत, जखम भरू द्यावी, मग गोळी सुरू करावी. हाडांच्या डॉक्टरांनी तेवढ्यासाठी दंतवैद्याकडे चिठ्ठी द्यावी. आणि दंतवैद्याने ‘बीपी-शुगर आहे का’ एवढ्यावर थांबू नये. आठवड्यातून एकदा उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर घेतलेली आणि नंतर अर्धा तास आडवं न होण्याची ताकीद असलेली गोळी, वर्षातून एकदा सलाइनमधून मिळणारं औषध, सहा महिन्यांनी घेतलं जाणारं इंजेक्शन, हे एकेक करून विचारावं लागतं. यातलं काहीच रोजचं नसल्यामुळे ‘औषधं कोणती चालू आहेत?’ या प्रश्नाच्या उत्तरात ते येत नाही.