आरसी बुकात नसलेला रकाना

ट्रकच्या आरसी बुकात बरंच काही असतं. मालकाचं नाव-पत्ता, चासी नंबर, इंजिन नंबर, सिलिंडर किती, व्हीलबेस किती, रिकाम्या गाडीचं वजन, रंग. गिअरबॉक्सचा रकाना मात्र त्यात नसतो. इंजिन बदललं तर आरटीओत जाऊन नवा नंबर चढवून घ्यावा लागतो. गिअरबॉक्स बदलला तर कागदावर त्याची खूणही उमटत नाही. स्विचचं तर विचारूच नका. एखादा स्विच काढून फेकला, तर त्याच्या जागी फक्त एक भोक उरतं.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत माझी बरीच वर्षं मेंटेनन्स खात्यात गेली. कारखान्यात साध्या पाण्याच्या पंपालाही नंबर असतो, पाटी असते, हिस्टरी कार्ड असतं. बेअरिंग कधी बदललं, सील कुणी बसवलं, सगळं त्यात लिहिलेलं. त्याच कारखान्याच्या गेटातून रोज माल भरून निघणाऱ्या ट्रकला मात्र असलं कार्ड नाही. दहा-पंधरा वर्षांत तो तीन-चार मालक बघतो आणि प्रत्येकाने काय काढलं, काय घातलं हे त्या-त्या मालकाबरोबर निघून जातं.

हे सगळं मनात यायचं कारण माझा मामेभाऊ. तो पोलादपूर तालुक्यातला. बारा वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्यावर त्याने स्वतःची घ्यायचं ठरवलं. घाटावरच्या एका दलालाकडे २००८ सालची टाटा १६१३ मिळत होती. ज्यांना हे आकडे नुसते आकडे वाटतात त्यांच्यासाठी सांगतो: १६ म्हणजे साधारण सोळा टन, भरलेल्या गाडीचं वजन, आणि १३ म्हणजे १३० अश्वशक्ती. ४०७ चंही तसंच, चार टन आणि सत्तर. भावाने बयाणा दिला नव्हता, पण मनाने गाडी घेऊन टाकली होती. मला म्हणाला, "दादा, तू एकदा बघ. इंजिन कसलं वाजतंय बघ."

इंजिन खरंच चांगलं होतं. मी म्हटलं, गाडी दोन दिवसांसाठी इकडे आणू दे, आपल्या मिस्त्रींना दाखवू. दलाल कुरकुरत तयार झाला.

आमचे मिस्त्री बिरवाडीच्या रस्त्याला असतात. साठी उलटलेली आहे. इंजिनाकडे त्यांनी पाहिलंही नाही. केबिनमध्ये चढले, क्लच दाबून गिअरचा दांडा सगळ्या घरांत फिरवून आले आणि खाली उतरून म्हणाले, "नॉबवरचा नकाशा एक आहे आणि गिअर पडतात भलत्या जागी. डबा हिचा नाही."

मग ते गाडीखाली गेले. मीही गेलो. गिअरबॉक्सच्या अंगावर दोन रिव्हेटची भोकं होती, पाटी नव्हती. ग्रीस आणि धुळीचा थर खरवडल्यावर ओतकामातला नंबर दिसला. मी तो लिहून घेणार, तोच मिस्त्री म्हणाले, "तो नंबर कवचाचा. आत दाते कुठले घातलेत ते तो सांगणार नाही." आजूबाजूला मात्र पुरावा भरपूर होता. गिअरबॉक्सला आधार देणाऱ्या आडव्या पट्टीतली भोकं गॅसने कापून लांबट केलेली. प्रॉपेलर शाफ्टवर वेल्डिंगची कडी, म्हणजे डब्याची लांबी वेगळी निघाली म्हणून शाफ्ट कापून जोडलेला. स्पीडोमीटरची केबल मोकळी लोंबत होती, कारण ती या डब्याला बसतच नव्हती. दलाल ज्या किलोमीटरच्या आकड्यावर गाडी विकत होता, तो आकडा केबल सुटली त्या दिवसापासून गोठलेला होता.

अशी अदलाबदल सहज होते, कारण आपल्याकडचे ट्रक एकमेकांचे नातेवाईक आहेत. टेल्कोने १९५४ साली जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार करून ट्रक बांधायला घेतले. १९६९ ला तो करार संपला, तरी आमच्याकडची म्हातारी माणसं कितीतरी वर्षं टाटाच्या ट्रकला 'मर्शिडी'च म्हणत. एका गाडीचा भाग थोडी कापाकापी करून दुसरीला बसवायचा, यात मिस्त्री लोकांच्या पिढ्या तयार झाल्या. कुर्ल्याला, कुदळवाडीला भंगारातून सुट्या भागांचे ढीग निघायचे. त्यातून निवडून आणलेल्या भागांवर हजारो संसार चालले. त्यात फसवणूकच असते असं नाही. पण काय बसवलं ते पुढच्या माणसाला कळायला हवं.

आत कुठले दाते आहेत, हे डबा न उघडता ओळखायची मिस्त्रींची रीत इतकी सोपी आहे की कुणालाही जमावी. त्यांनी प्रॉपेलर शाफ्ट मागच्या बाजूने सोडवला. इंजिनाच्या पुढच्या पुलीवर खडूची एक रेघ मारली, शाफ्टवर दुसरी. गिअर टाकला आणि पोराला टॉमी देऊन इंजिन हाताने फिरवायला लावलं. शाफ्टचा एक फेरा पुरा होईपर्यंत इंजिनाचे किती फेरे होतात, ते मी मोजत होतो. पहिल्याला सहा फेरे आणि वर थोडं. तिसऱ्याला दीड. चौथ्याला बरोबर एक. पाचव्याला एकही पुरा नाही, पाऊणच्या आसपास.

मिस्त्री हात पुसत भावाला म्हणाले, "आता नीट ऐक. तुझ्या सवयीच्या गाडीत पाचवा म्हणजे सरळ, एकाला एक. इथे सरळ आहे तो चौथा. पाचवा पळायचा गिअर, सपाटीवर डिझेल वाचवायला. बाकीचे सगळे एकेक घर सरकलेत. तुझ्या पायाला जो तिसरा माहीत आहे तो अडीच फेऱ्यांचा. इथला तिसरा दीडचा. म्हणजे हा तिसरा तुझा जुना चौथा."

पोलादपूरच्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. आमच्या तालुक्यातून कुठेही जायचं तर घाट आडवा येतो. महाबळेश्वरकडे आंबेनळी, खेडकडे कशेडी. कशेडीला आता बोगदा झाला, पण आंबेनळीला पर्याय नाही. भरलेली गाडी उतारावर नुसत्या ब्रेकवर उतरवायची नसते. लायनर तापतात आणि तापलेले लायनर धरत नाहीत. गाडी धरायची इंजिनाने. खालचा गिअर टाकला की चाकं इंजिनाला फिरवायला लागतात आणि इंजिन त्यांना मागे ओढतं. ही ओढ गिअरच्या फेऱ्यांच्या पटीत मिळते. अडीचच्या जागी दीड आले तर ओढ चाळीस टक्क्यांनी कमी. ड्रायव्हर सवयीने तिसऱ्यात गाडी सोडणार, ती पळायला लागणार, तो ब्रेकवर उभा राहणार. डोकं नकाशा शिकेल, पण वळणावर हात जुन्याच घरात जातो. चुकून दांडा मध्येच अडकला तर गाडी न्यूट्रल आणि खाली दरी.

स्विचांकडे आम्ही नंतर वळलो. डॅशबोर्डला चार भोकं रिकामी होती. वायपर एका घरगुती बटणावर जोडलेला. गिअरबॉक्सवर रिव्हर्सचा स्विच बसतो तिथे साधा बोल्ट ठोकला होता. हा स्विच म्हणजे आत जाणारी एक छोटी कळ. रिव्हर्सचा दांडा सरकला की कळ दाबली जाते, मागचा दिवा लागतो आणि भोंगा वाजतो. नव्या डब्याचे आटे वेगळे, जुना स्विच बसला नाही, म्हणून बूच मारून विषय संपवलेला. दोन वायरी टेप गुंडाळून चासीला बांधल्या होत्या. मिस्त्रींनी चावी फिरवून त्या एकमेकींना टेकवल्या. मागे दिवा लागला आणि भोंगाही वाजला. नव्हता फक्त स्विच.

हवेचा दाब उतरला की केबिनमध्ये बझर वाजतो, त्याच्या वायरी कापलेल्या होत्या. वायरीचं टोक बघून मिस्त्री बरंच सांगतात. गंजून तुटलेलं टोक हिरवं पडतं, ओढून तुटलेल्याचे धागे लांबट होतात. हे टोक पक्कडीने सरळ कापलेलं होतं. बझर सारखा वाजतो म्हणून कुणीतरी त्याचं तोंड बंद केलं होतं. तो का वाजतो, हे पाहिलेलं नव्हतं. पायाजवळचं एक्झॉस्ट ब्रेकचं बटण गायब, वर पत्र्याचं ठिगळ. हे बटण दाबलं की धुराच्या पाइपातली झडप मिटते, इंजिन गुदमरतं आणि उतारावर गाडीला आणखी धरतं. पाइपातली झडप उघडी होती आणि गंजून तशीच बसली होती.

डॅशबोर्डच्या मागे हात घातल्यावर मिस्त्रींची बोटं तांबूस, पिठासारख्या बारीक मातीने भरली. ती काय आहे, हे महाडमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर हीच माती आम्ही कपाटांतून, मोटारींतून, देव्हाऱ्यांतून कित्येक दिवस काढत होतो. तेव्हा गॅरेजांसमोर गाड्यांच्या रांगा होत्या आणि गिअरबॉक्समधून दुधाच्या चहासारखं तेल निघत होतं. डब्याला हवा जायला वर एक बारीक वाट असते, पाणी तिथून आत जातं. या गाडीचा मूळ डबा कशाने गेला याचा अंदाज तिथेच आला. दलाल म्हणाला, त्याला काही माहीत नाही. मिस्त्री म्हणाले, "पूर महाडचा, चिपळूणचा की कोल्हापूरचा, मला काय करायचंय? पाणी आत गेलं होतं, एवढं खरं."

त्या संध्याकाळी मी सगळ्याची यादी लिहिली आणि तेव्हा ती एका बाजूला झुकलेली दिसली. गाडी पुढे नेणारं सगळं शाबूत होतं: इंजिन, क्लच, पाचवा गिअर, हॉर्न. गाडीला धरणारं किंवा माणसाला सावध करणारं तेवढंच गेलेलं. यात कुणाचा कट नव्हता. गाडी थांबली की मालकाचा दिवस बुडतो, म्हणून पळण्यासाठी लागणारं लगेच दुरुस्त होतं. रिव्हर्सच्या दिव्यावाचून दिवस बुडत नाही. आठ वर्षांनंतर पासिंग दरवर्षी असतं, तेवढ्यापुरती वायर जोडून वेळ भागवता येते. एरवी क्लीनर मागे उभा राहून फाळका थोपटत "येऊ दे, येऊ दे" ओरडतोच. वसाहतीतल्या अरुंद शेडमध्ये, ड्रमांच्या थप्प्यांमध्ये, काढून टाकलेल्या स्विचच्या जागी तो पोरगा उभा असतो.

भावाने गाडी घेतली. यादी दलालासमोर ठेवल्यावर भाव उतरला, पण दुसरा डबा आणि बाकीची कामं, दोन्ही होतील इतका नाही. काय आधी करायचं यावर घरात दोन दिवस बोलणं झालं. मामी म्हणाली, डबा बदल, घाटात जायचंय. मिस्त्री म्हणाले, हा डबा वाईट नाही, फक्त घाटाचा नाही. शेवटी भावाने लायनर नवे केले, एक्झॉस्ट ब्रेकची झडप आणि बटण बसवलं, बझर जोडला, दाब का उतरतो ती गळती काढली आणि आट्याला जुळणारा रिव्हर्सचा स्विच शोधून आणला. डब्याचे पैसे साठेपर्यंत आंबेनळीचं भाडं घ्यायचं नाही असं ठरलं. तो न्हावा-शेवाच्या बाजूचीच भाडी करतो, तिकडे सुकेळी आणि कर्नाळा सोडलं तर मोठा उतार नाही. महाबळेश्वरकडची दोन चांगली भाडी त्याने डोळ्यांदेखत सोडली. सोपं नव्हतं ते, हप्ता डोक्यावर असताना.

गाडी गॅरेजमधून निघायच्या दिवशी मिस्त्रींनी पेंटरला बोलावून ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटने पाच ओळी लिहून घेतल्या. डब्याच्या कवचाचा नंबर, पाचही गिअरांचे मोजलेले फेरे, नवे स्विच कुठे बसवले, तारीख. पाचवी ओळ त्यांनी मोठ्या अक्षरांत काढायला लावली: 'तिसरा म्हणजे जुना चौथा. घाटात दुसरा.' भाऊ म्हणाला, मला पाठ आहे की हे. मिस्त्री म्हणाले, "तुझ्यासाठी नाही. तू विकशील तेव्हा जो घेईल, त्याच्यासाठी."