बोलिव्हियाहून आप्पांना

ला पाझ, मंगळवार, रात्री

ती. आप्पांस सा. नमस्कार,

3,600 मीटरवर चार पायऱ्या चढलं तरी धाप लागते, म्हणून हे पत्र तुकड्यातुकड्यानं होईल. खोलीत हीटर नाही. जेवणाचे हाल नाहीत असं आईला सांगा. शेंगदाण्याचं दाट सूप मिळतं, थेट आपली उपासाची आमटी. फक्त वर तळलेल्या बटाट्याच्या काड्या आणि तळाशी हाडाचा तुकडा. (तुकड्याचं सांगू नका.) शिवाय चुन्यो: रात्रीच्या हिमात गोठवून, पायांनी तुडवून पाणी काढलेले, वाळवलेले काळे बटाटे. वर्षानुवर्षं टिकतात, आणि चव घेतल्यावर ते का टिकतात हेही कळतं. डॉलरचे दोन भाव आहेत, सरकारी आणि रस्त्यावरचा, त्यामुळे कुठलीही किंमत दोनदा मोजावी लागते.

आता तुमचा प्रश्न. हा देश केव्हा आणि कोणामुळे स्वतंत्र झाला? पुस्तकातलं उत्तर 6 ऑगस्ट 1825 आणि बोलिवार. पण इथल्या दोनशेच्या नोटेवर बोलिवारच्या जोडीला तुपाक कातारी आणि बार्तोलिना सिसा हे आयमारा जोडपं आहे, आणि या तिघांना एका चौकटीत बसवणं मला तितकं सोपं वाटत नाही. 1781 मध्ये या दोघांनी ला पाझला वेढा घातला. शहर खोलगट वाटीत आणि वेढा घालणारे वरच्या कडेवर, जिथे आज एल आल्तो आहे. दोन टप्प्यांत मिळून सुमारे सहा महिने शहर उपाशी राहिलं. नोव्हेंबरात कातारीला चार घोड्यांना बांधून फाडलं, पुढच्या सप्टेंबरात बार्तोलिनाला फाशी दिलं. 2003 च्या ऑक्टोबरात एल आल्तोच्या लोकांनी याच कडेवरून रस्ते अडवले आणि राष्ट्राध्यक्षाला देश सोडावा लागला. त्यामुळे इथल्या माणसाला 1781 हे फार जुनं वाटत नाही.

तुम्ही म्हणाल, तो करांविरुद्धचा दंगा होता. स्वातंत्र्य मागायला आधी राष्ट्राची कल्पना लागते. आक्षेप वजनदार आहे. कोरेखिदोर नावाचे स्पॅनिश अंमलदार गावांवर जबरदस्तीनं माल लादत आणि अवाच्या सवा किंमत वसूल करत. उठावाची ठिणगी तीच. पण हीच फूटपट्टी 1809 ला लावून पाहा. 25 मे रोजी चुकिसाकात आणि 16 जुलैला ला पाझमध्ये जे उठाव झाले, ज्यांच्या तारखांना आज सुट्टी असते, त्यांचीही सुरुवात राजा सातव्या फर्दिनंदच्या नावाच्या जयजयकारानंच झाली. ला पाझचा पुढारी मुरिल्यो 29 जानेवारी 1810 रोजी फासावर गेला आणि मुख्य चौकाला त्याचं नाव मिळालं, ते योग्यच. परंतु राजाच्या नावानं उठलेल्या वकिलाला स्वातंत्र्यवीर म्हणायचं आणि करापायी उठलेल्या शेतकऱ्याला दंगेखोर, हा न्याय मला पटत नाही. तिवानाकूचे अवशेष पाहिले, फोटो सुशीलला पाठवते.


पोतोसी

ती. आप्पांस,

बोटं आखडली आहेत. 4,000 मीटरच्या वर लोक गाव वसवतात ते फक्त चांदीसाठी. समोरचा सेर्रो रिको सगळा पोखरलेला, आणि तरी आत काम चालू आहे. टांकसाळीचा वाडा बघण्यासारखा आहे, एवढं सांगून पुढे जाते, कारण तुमचा दुसरा मुद्दा मला छळतो आहे: डोंगरातली माणसं एवढी स्वातंत्र्यवादी होती, तर राजाच्या सैन्यात शिपाई कोण होते?

तेच होते, हे मान्य. राजाच्या इथल्या फौजेत स्पेनहून आलेले थोडे आणि इथेच जन्मलेले बहुसंख्य. कुस्कोचा पुमाकावा हा केचुआ सरदार 1781 मध्ये राजाच्या बाजूनं लढला आणि 1814 मध्ये राजाविरुद्ध उठला. याला चंचलपणा म्हणता येईल, पण मला त्यात हिशेब दिसतो. डोईपट्टी पाहा. 18 ते 50 वयाच्या आयमारा-केचुआ पुरुषानं ती वर्षातून दोनदा भरायची. 1811 मध्ये स्पेनच्या कादिसमधल्या संसदेनं ती रद्द केली. त्याच साली 25 मे रोजी ब्वेनोस आयरेसच्या क्रांतिकारी फौजेबरोबर आलेल्या कास्तेलीनं तिवानाकूच्या अवशेषांत उभं राहून समतेची आणि पट्टीमुक्तीची घोषणा केली, आणि महिनाभरात वाकीच्या लढाईत त्याचा धुव्वा उडाला. मग फर्दिनंद गादीवर परतला आणि पट्टीही परतली. मुक्तिदाते म्हणवणाऱ्यांचं वागणंही काही फार निराळं नव्हतं: 1813 मध्ये माघार घेताना ब्वेनोस आयरेसचाच सेनापती बेल्ग्रानो यानं ही टांकसाळच उडवून द्यायचा हुकूम सोडला होता. दोन्हीकडच्या फौजा गावातून धान्य, लामा आणि माणसं उचलत असताना गावानं निशाणापेक्षा पट्टी आणि जमीन बघून बाजू ठरवली, तर त्याला राजकारण कळत नव्हतं असं कसं म्हणायचं? एवढं राजकारण तर आपल्या गावच्या सोसायटीतही सगळ्यांना कळतं.

मेणबत्ती संपत आली. वीज आहे, पण दिवा खोलीच्या भलत्याच कोपऱ्यात.


सुक्रे

ती. आप्पांस सा. नमस्कार,

इथे ऊब आहे, पांढऱ्या भिंती आहेत, आणि दुपारी सगळं बंद करून लोक जेवायला जातात, मग प्रवाशानं काय करायचं ते करावं. हेच जुनं चुकिसाका. जेझुइटांच्या जुन्या विद्यापीठाच्या दालनात 1825 मध्ये 48 प्रतिनिधी जमले आणि त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. पंधरा वर्षं डोंगरात लढलेले त्यांत बोटांवर मोजण्याइतके. बाकी वकील, पाद्री, जमीनदार. सभेतला वजनदार माणूस कासिमिरो ओलान्येता. त्याचा काका म्हणजे राजाचा शेवटचा इथला सेनापती, आणि पुतण्या आदल्या वर्षापर्यंत काकाचा सल्लागार. आयाकुचोच्या लढाईत, डिसेंबर 1824 मध्ये, वारा फिरला. काका एप्रिलमध्ये तुमुस्लाजवळ मारला गेला, त्याआधीच पुतण्या बोलिवारचा सेनापती सुक्रे (या गावाचं आजचं नाव त्याच्यावरूनच) याच्या छावणीत पोचलेला होता. असले पुतणे आपल्याला नवे नाहीत.

तरी माणसं बदलतात, निदान निर्णय चांगले झाले असतील, ही तुमची बाजू. बोलिवारनं डिसेंबर 1825 मध्ये डोईपट्टी रद्द केली, हे खरंच. तिच्या जागी सर्वांवर सारखा प्रत्यक्ष कर यायचा होता. तो गोऱ्या आणि मिश्रवंशीय शहरवासीयांना मानवला नाही, आणि 1826 मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या सुक्रेच्याच कारकिर्दीत पट्टी परत आली. युद्धानं खाणी मोडल्या होत्या, खजिना रिकामा होता, दुसरा मार्ग नव्हता, असा बचाव केला जातो. रिकामा खजिना मान्य. पण तो भरायला कोणाच्या खिशात हात घालायचा हे खजिना ठरवत नाही, सभा ठरवते. आणि सभेत कोण बसलं होतं ते वर लिहिलंच आहे. त्याच साली राज्यघटना आली. नागरिक व्हायला लिहिता-वाचता यावं आणि तो कोणाचा घरगडी नसावा, अशा तिच्या अटी. पट्टी भरणारा राज्य पोसत होता, पण राज्याचा नागरिक नव्हता. 1866 मध्ये राष्ट्राध्यक्ष मेल्गारेखोनं तर गावांना त्यांच्याच सामायिक जमिनीचे कागद साठ दिवसांत पैसे भरून विकत घ्यायला लावलं. 1899 च्या यादवीत साराते विल्का आयमारांची फौज घेऊन उदारमतवाद्यांच्या मदतीला गेला. ते जिंकले आणि त्यांनी त्यालाच तुरुंगात टाकलं. साक्षरतेची अट गेली 1952 च्या क्रांतीत, जमिनीचं फेरवाटप 1953 मध्ये. तेव्हा स्वातंत्र्याचा लढा 1809 ते 1825 असा आखण्यापेक्षा 1781 ते 1953 असा आखला तर त्यातल्या घटना एकमेकींना धरून राहतात. 1825 त्यात आहेच, स्पॅनिश सत्ता गेली ही लहान गोष्ट नव्हे. पण मधला टप्पा म्हणून.

हुआना असुर्दुई शंभराच्या नोटेवर आहे. याच गावची; नवऱ्याबरोबर छापामार फौज उभारली, 1816 मध्ये लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा मिळाला, त्याच वर्षी नवरा मारला गेला. 1825 मध्ये बोलिवारनं पेन्शन मंजूर केलं. ते पुढे बंद पडलं. 25 मे 1862 रोजी, 1809 च्या उठावाच्या वर्षदिनी, ती दारिद्र्यात गेली. दहाच्या नोटेवर सांतोस वार्गास, आयोपायाच्या छापामारांचा ढोलकरी. त्यानं लढाईची रोजनिशी ठेवली आणि ती छापून यायला शंभरावर वर्षं लागली. नोटेवर आले म्हणजे हिशेब चुकता झाला, असं इथलं सरकार मानत असावं. भाजीवाल्या बायका त्याच नोटा मोडताना डिझेलच्या रांगांबद्दल बोलत असतात.

रक्तदाबाची गोळी सकाळचीच घ्या, रात्रीची नव्हे. उद्याची बस रात्रीची आहे, आणि खिडकी बंद होत नाही असं आधीच सांगितलं गेलंय.

तुमची
मंजू