पहिली बुडी कोठें मारावी?

ज्या घरांत तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात, त्या घरांत कोणतीहि नवी गोष्ट एकट्याची राहत नाहीं. मुलाचें शिक्षण असो, मुलीचें लग्न असो किंवा चार दिवसांची सहल असो, तिच्यावर माजघरांत आणि जेवणाच्या पंक्तींत खल होतो व ती सर्वांची होऊन बसते. गेल्या हिवाळ्यांत आमच्या घरीं असाच एक प्रश्न निघाला. त्याचें उत्तर शोधतांना जें कळलें, तें इतर कुटुंबांसहि उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

माझ्या धाकट्या बंधूंची कन्या बावीस वर्षांची आहे. नुकतीच नोकरीस लागलेली. पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून समुद्राच्या पोटांत उतरावयाची विद्या, जिला स्कूबा म्हणतात, ती आपणांस शिकावयाची आहे, असें तिनें एके दिवशीं जाहीर केलें. ती उत्तम पोहते. पण कोल्हापुरांत याचें विशेष अप्रूप नाहीं. पाठीला सुका भोपळा बांधून विहिरींत नाहीं तर पंचगंगेंत पोरें ढकलण्याची आमची जुनी रीत आहे, आणि याच गांवचा वीरधवल खाडे २००८ सालीं बीजिंगच्या ऑलिंपिकमध्यें पोहून आला. चिंता निराळीच होती. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत या मुलीला दमा होता. कित्येक रात्रीं तिला उशाशीं टेकवून आम्हीं आळीपाळीनें जागून काढल्या आहेत. तेव्हां तिनें श्वासाचाच खेळ खेळावयाचें म्हणतांच मातोश्रींचा चेहरा उतरला. शेवटीं मी सेवानिवृत्त व रिकामा, म्हणून जागा शोधण्याचें काम मजकडे आलें.

सल्ला देणाऱ्यांची वाण पडली नाहीं. इंग्लंडांत असलेल्या आमच्या भाच्यानें तेथील पाण्यानें भरलेल्या एका जुन्या खाणींत ही विद्या शिकली आहे. त्यानें कळविलें कीं, जाड पोशाख, तो बुडावा म्हणून कमरेस शिशाचें ओझें आणि गारठ्यानें बधिर झालेलीं बोटें, यांतच त्याचे पहिले दिवस गेले. पाणी हें हवेच्या सुमारें पंचवीसपट वेगानें अंगांतील उष्णता ओढून घेतें. त्यामुळें २८ अंशांचें पाणी, जें हाताला कोमट लागतें, तेंहि अर्ध्या-पाऊण तासांत ३७ अंशांच्या शरीराला निववूं लागतें. मग १० अंशांच्या पाण्याची कथा काय? नवशिक्याला मुखवट्यांत शिरलेलें पाणी काढावयाचें असतें, कानांचा दाब सोडावयाचा असतो, आणि शिक्षकाच्या खुणाहि समजून घ्यावयाच्या असतात. या व्यापांत थंडीची भर नको. ऊन पाणी ही चैन नव्हे, तो शिकाऊ माणसाचा आधार आहे.

दुसरी गोष्ट श्वासाची. पोहणारा बुडी मारतांना दम कोंडून धरतो. सिलिंडर घेऊन उतरणाऱ्यानें मात्र दम कधींहि कोंडावयाचा नाहीं, हा या विद्येचा पहिला नियम. दहा मीटर खोलीवर पाण्याचा व हवेचा मिळून दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तेथें छातीभर घेतलेली हवा कोंडून कोणी वर येऊं लागला, तर ती प्रसरण पावून फुप्फुसास इजा करते. ज्याच्या श्वासनलिका आकुंचन पावतात, त्याला ही भीति अधिक. कारण हवा छातीच्या एखाद्या कोपऱ्यांत अडकून राहूं शकते. मातोश्री रोज प्राणायाम करणाऱ्या. हें सर्व ऐकून त्या म्हणाल्या, "म्हणजे पूरक आणि रेचक आहे, कुंभक तेवढा वर्ज्य." इतक्या थोड्या शब्दांत हा नियम मला सांगतां आला नसता.

म्हणून जागेच्याहि आधीं डॉक्टर आला. छातीच्या तज्ज्ञांनीं यंत्रांत फुंकर मारवून फुप्फुसें तपासलीं, धांवावयास लावून पुन्हां तपासलीं. ते 'नाहीं' म्हणाले तर विषय संपला, असें मुलीनें आधींच कबूल केलें होतें. तो आठवडा घरांत कोणी फारसें बोललें नाहीं. शेवटीं लेखी अनुमति मिळाली, व मग आम्ही नकाशा उघडला.

तिचे मामा अंदमानच्या पक्षाचे. तें नांव निघतांच मातोश्रींच्या डोळ्यांपुढें सेल्युलर तुरुंग उभा राहिला. सावरकरांनीं १९११ पासून दहा वर्षें जेथें काढलीं, त्या काळ्या पाण्यावर मुलीनें हौसेनें जावें, हें त्यांच्या पिढीला चमत्कारिक वाटणें साहजिक होतें. वस्तुतः त्या काळ्या पाण्यासारखें निर्मळ पाणी आपल्या देशांत थोडें. हॅवलॉक बेट, ज्याचें २०१८ सालीं स्वराज द्वीप असें नामकरण झालें, तेथें प्रवाळांचीं वनें आहेत. लक्षद्वीपचीं उथळ सरोवरेंहि तशींच सुंदर. मात्र तेथें जाण्यास परवाना काढावा लागतो. कर्नाटकांत मुरुडेश्वरजवळ नेत्राणी बेट आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारें शंभर किलोमीटरांवर कान्होजी आंग्र्यांच्या नांवाची आंग्रिया नामक बुडालेली भूमि आहे. पण तिचा माथाच वीस मीटर खोल आणि चोहोंकडे उघडा दर्या, म्हणून ती जाणत्यांचीच.

आणि राहिलें आमचें मालवण. १८१२ सालीं इंग्रजांकडे जाईपर्यंत तें कोल्हापूरच्याच राज्यांत होतें. सिंधुदुर्गाच्या आसपासचा समुद्र १९८७ सालीं अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानें या विद्येची संस्था उभारली आहे. पाणी ऊन, खोली बेताची. उणीवहि सांगितली पाहिजे. येथील पाणी अंदमानाइतकें स्वच्छ नसतें. पावसाळ्यांत समुद्र बंदच असतो, व त्यानंतरहि कांहीं काळ नद्यांचा गाळ निवळावा लागतो. सुटीच्या दिवसांत नावांची इतकी गर्दी होते कीं, पाहुण्याला पंधरा मिनिटें धरून फिरवून वर काढतात. ती गंमत झाली, शिक्षण नव्हे.

तरीहि मीं मालवणच्या बाजूनें कौल दिला, तो काटकसरीसाठीं नव्हे. दूरच्या ठिकाणाचा खर्च माणसावर सक्ती करतो. विमानाचें भाडें भरून, रजा काढून, बेटावर पोंचल्यावर कान दुखला किंवा छाती भरून आली, तर "इतकें घालवून आलों, आतां उतरलेंच पाहिजे" हा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. मालवण कोल्हापुराहून चार-पांच तासांचें. तेथून न उतरतां परत आलें तरी कोणाचें कांहीं बुडत नाहीं. नवशिक्याला जेथून 'नको' म्हणून परत फिरतां येतें, तीच त्याची खरी सुरक्षित जागा. एकेकाळीं जिचा श्वास अडत असे, त्या मुलीला तर हें स्वातंत्र्य इतर कशाहिपेक्षां मोलाचें होतें.

जानेवारीचा शेवट धरला आणि सुट्या टाळल्या. बेत एका दिवसाचा नव्हे, चार दिवसांचा केला. याला आमच्या गांवापुरतें आणखी एक कारण आहे. पाण्याखालीं दाबानें रक्तांत मुरलेला नायट्रोजन वायु सावकाश बाहेर पडावा लागतो. म्हणून बुडीनंतर विमानांत बसण्यापूर्वीं बारा ते अठरा तास थांबावयास सांगतात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारें साडेपांचशें मीटर उंच, घाटमाथा त्याहून उंच. उथळ बुडीनंतर धोका अल्प असला, तरी बुडी मारून संध्याकाळीं घाट चढण्याची घाई कशाला?

पहिल्या दिवशीं दोन मीटरांवरच तिचा उजवा कान दुखूं लागला. नाक चिमटींत धरून हलकी फुंकर मारूनहि तो सुटेना. तिनें आंगठा वर केला. जमिनीवर ही शाबासकीची खूण. पाण्याखालीं तिचा अर्थ 'मी वर जातें'. शिक्षकानें एक शब्द न विचारतां तिला वर आणलें. नावेंत माझे बंधु बसले होते. त्यांनीं फक्त टॉवेल पुढें केला. दुसरा दिवस तिनें किनाऱ्यावर पुस्तक वाचण्यांत घालविला. तिसऱ्या दिवशीं कान सुटला आणि ती सहा मीटरांवर वाळूंत गुडघे टेकून वीस मिनिटें राहिली. रात्रीं फोनवर आजीला ती म्हणाली, "आजी, सगळा वेळ मला माझाच श्वास ऐकूं येत होता, आणि तो एकदांहि अडला नाहीं." मातोश्रींनीं फोन माझ्या हातीं दिला आणि त्या देवघरांत गेल्या.

पुढील हिवाळ्यांत ती मामांबरोबर अंदमानास जाणार आहे, आणि आतां कोणाची हरकत नाहीं. वाचकांच्या घरीं असा प्रश्न निघाल्यास मासे किती रंगीत आहेत, हें मागाहून विचारावें. आधीं पाणी ऊन व उथळ आहे काय, एका शिक्षकाच्या हाताखालीं शिकणारे किती, प्रकृतीची लेखी चौकशी करतात काय, आणि हातीं एखादा रिकामा दिवस आहे काय, हें पाहावें. समुद्र कोठें पळून जात नाहीं. मुलांना त्याच्यापाशीं दोनदां जातां येईल इतका अवकाश आपण वडीलधाऱ्यांनीं ठेवला, म्हणजे पुरे.