आता कोण बोलतंय?

गेल्या पावसाळ्यात आमच्या आईच्या डोळ्यांनी अक्षर सोडले. मॅक्युलर डीजनरेशन असे त्या दुखण्याचे नाव. कडेचे दिसते, मधले दिसत नाही. दारात कोणी आले हे तिला समजते, चेहरा समजत नाही. पुस्तक हातात घेतले तर समास दिसतो, मजकूर दिसत नाही. सत्तर वर्षे वाचत आलेल्या बाईची ही अवस्था. मोबाइलवर ध्वनिपुस्तके लावून पाहिली. दोनच दिवसांत तिने ती बंद करायला लावली. त्या वाचणाऱ्याला मध्येच थांबवून काही विचारता येत नाही, ही तिची तक्रार. तेव्हापासून रोज रात्री जेवणे आटोपल्यावर, मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत, आम्ही तिला तासभर वाचून दाखवतो. पुस्तके बहुतेक तिच्या पसंतीची, आवाज आमचा.

आम्ही मराठी घेऊन एम. ए. झालो आणि पुढे आयुष्यभर बँकेत हिशेब केले. तेव्हा समीक्षक म्हणवून घेण्याचा अधिकार आम्हांस नाही. तरी वर्गात कानांवर पडलेले सहजी जात नाही. मराठी कादंबरीच्या कृतिप्रवण, रूपप्रवण आणि रीतिप्रवण या नेमाड्यांनी सांगितलेल्या तीन प्रवृत्ती आम्ही परीक्षेत लिहिल्या, त्यावर बरे गुण मिळवले आणि ‘लोकप्रिय’ हा शब्द किंचित ओठ मुडपून उच्चारायला शिकलो. मुलुंडहून कुर्ल्यापर्यंत लोकलमध्ये बसायला जागा मिळाली, की आमच्या पिशवीतून सुहास शिरवळकर बाहेर निघत आणि कालिन्याच्या बसमध्ये चढण्यापूर्वी ते पुन्हा आत जात, हे मात्र कोणाला सांगितले नाही.

पहिली निवड आईची: ‘मृत्युंजय’. आमच्याकडची प्रत एका बंद पडलेल्या सर्क्युलेटिंग लायब्ररीने रद्दीच्या भावाने काढलेली. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने कोणी लिहिले आहे, ‘अप्रतिम. दोनदा वाचली.’ खाली दुसऱ्या हस्ताक्षरात, ‘उपमा कमी केल्या असत्या तर तिसऱ्यांदाही वाचता आली असती.’ असली परीक्षणे आम्हांला फार आवडतात. नाव नाही, मानधन नाही, त्यामुळे भीडही नाही.

शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ सालची. कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण, श्रीकृष्ण अशी एकेक व्यक्ती येते आणि आपल्या तोंडाने कथा पुढे नेते. ही रचना त्या काळी किती धीट होती, हे आम्ही एका प्रश्नपत्रिकेत सविस्तर लिहिले होते. वाचनाच्या चौथ्या की पाचव्या रात्री आईने थांबवले.

“आता कोण बोलतंय?”

“कुंती.”

“कधीपासून? मला वाटलं, अजून कर्णच आहे.”

नवे प्रकरण सुरू करताना मथळ्यातले नाव वाचायचे आम्ही विसरलो होतो. मग गंमत म्हणून परीक्षाच घेतली. नावे न सांगता तीन ठिकाणचे तीन परिच्छेद वाचले. आईला एक ओळखता आला, तोही ‘दादा’ या संबोधनामुळे. डोळ्यांनी वाचताना मथळ्यातले नाव परस्पर काम करून जाते आणि आपण समजतो की आवाज बदलला. कानाला ही सवलत नसते. आमचे प्रामाणिक मत असे की ‘मृत्युंजय’मध्ये माणसे अनेक आहेत आणि वक्ता एकच आहे. सगळ्यांना सूर्य सारखाच दिसतो, सगळ्यांच्या दुःखाला त्याच तालेवार उपमा सुचतात.

इथे थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. पण कवचकुंडलांच्या प्रसंगाला पोचलो तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते, सकाळी आम्हांला लवकर उठायचे होते, आणि आई ‘अजून दोन पानं’ म्हणत होती. आमचाही आवाज बसला होता, तो केवळ वाचून नव्हे. जन्मावरून माणसाला दारातून परत पाठवण्याची गोष्ट ज्या समाजात जुनी होत नाही, तिथे कर्ण कोणत्याही शैलीत बोलला तरी ऐकला जाणार. हा गुण सावंतांचा की महाभारताचा, याचा निकाल आम्हांला लावता आलेला नाही.

व. पु. काळ्यांचे ‘पार्टनर’ वाचताना उलटे झाले. वपु मुंबई महापालिकेत वास्तुविशारद होते आणि कथाकथनासाठी महाराष्ट्रभर प्रसिद्ध होते. त्यांचे वाक्य मोठ्याने वाचणाऱ्याला दमवत नाही, श्वास कुठे घ्यायचा हे ते स्वतःच सांगते. आई खुदकन हसे. परंतु तिसऱ्या रात्री तिने विचारले, “ही सगळी माणसं एवढं शहाणपणाचं बोलतात, मग यांचे संसार का बिघडतात?” वपुंवरच्या टीकेत आम्ही बरेच काही वाचले आहे, इतके नेमके काही आठवत नाही. एकेकाळी आमच्या वहीत वपुंची वाक्ये उतरवलेली होती. परवा ती वही काढून पाहिली. वाक्ये अजूनही चांगली आहेत. कोणत्या पात्राने कोणत्या प्रसंगी म्हटली ते एकाचेही सांगता आले नाही.

मग आमच्या आग्रहाने ‘दुनियादारी’. १९८२ सालची ही कादंबरी २०१३च्या चित्रपटामुळे पुन्हा हातोहात गेली; शिरवळकर २००३ मध्येच गेले होते. संवाद आजही चटपटीत आहेत. पण आम्ही पन्नाशी ओलांडली आहे. कट्ट्यावरच्या ज्या बेफिकिरीवर लोकलमध्ये जीव ओवाळला, ती आता मोठ्याने वाचताना जरा संकोच झाला, आणि त्यातल्या मुली मुलांच्या मैत्रीची परीक्षा घेण्यापुरत्याच आहेत की काय, अशी शंका आली. दोन रात्रींनंतर आई म्हणाली, “ही पोरं कॉलेजात जातात कधी?” पुस्तक मिटले. थोडे वाईट वाटले, खोटे कशाला बोला.

मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’ने (२००४) मात्र आमची लाज राखली. ही लोकप्रियांत मोडते की वाङ्मयीनांत, यावर वाद होऊ शकेल. आमच्याकडे झाला नाही. नववीतल्या मुकुंद जोशीचा आवाज पहिल्या पानापासून कानात बसतो. कोण बोलतंय, असे एकदाही विचारावे लागले नाही. आणीबाणी आसपास आहे आणि मुलाला तिचे जेवढे कळेल तेवढेच सांगितले आहे, हा संयम आम्हांला आता अधिक कळला. संपल्यावर आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “त्या शिरोडकरला काय वाटत होतं, ते राहिलंच.” आम्ही म्हणालो, मुलाच्या तोंडून गोष्ट आहे, त्याला कळले नाही ते येणार कसे? “ते खरं,” ती म्हणाली, “पण राहिलं.”

शेवटी ‘स्वामी’. रणजित देसाईंची ही कादंबरी १९६२ची, साहित्य अकादमीचा पुरस्कार १९६४चा. आईने ती १९६९ साली, लग्नाच्या पहिल्या वर्षी, घाटकोपरच्या चाळीत वाचली होती आणि बाबा कामावरून येईपर्यंत रडत बसली होती. ही हकीगत आमच्या घरात अनेकदा सांगितली गेली आहे. त्यामुळे थेऊरच्या पानांपर्यंत येताना आम्हीच मनाची तयारी करत होतो. १७७२चा नोव्हेंबर, माधवराव अखेरच्या घटका मोजताहेत, रमाबाईंचे सती जाणे पुढे आहे. देसाईंची भाषा इथे विलक्षण गंभीर, संथ होते. वाचणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो.

“थांब,” आई म्हणाली. “त्यांचं वय काय होतं?”

“सत्तावीस.”

“म्हणजे ती त्याहूनही लहान.” मग थोड्या वेळाने, “तिला भीती वाटली असेल का रे?”

आम्ही पान तसेच धरून बसलो. इतिहासात जे घडले तेच लेखकाने लिहिले आहे, हे उत्तर तोंडावर होते. पण वाचता वाचता आमच्याही लक्षात आले होते की हा सारा प्रसंग इतका सुंदर केला आहे तो नेमका हा प्रश्न सुचू नये म्हणून. देसाईंनी तसे ठरवून केले असेल असे नाही. त्या भाषेला दुसरे काही येतच नसावे.

“तेव्हा मी रडले होते,” आई म्हणाली, “रडताना बरं वाटलं होतं. असंच असायला हवं, असं वाटलं होतं.” समोरच्या इमारतीचे पुनर्विकासाचे काम रात्रीही चालू होते, त्या आवाजात ती पुढचे अगदी हळू बोलली. “तुझे बाबा गेले ना, त्या रात्री मला भूक लागली होती. खूप. कुणाला सांगितलं नाही.”

आम्ही काय बोलणार? उठून तिला दूध गरम करून दिले.

‘स्वामी’ची उरलेली पाने तशीच राहिली आहेत, खूण घातलेली. दुसऱ्या दिवशी तिने फर्मान काढले की आता राजेराण्या पुरे, नारायण धारपांचे काहीतरी आण. सध्या ‘लुचाई’ चालू आहे. स्टीफन किंगच्या कादंबरीवरून ती बेतली आहे, हे आम्ही तिला सांगितले. तिला त्याचे काही नाही. तिला दिवा असला काय, नसला काय, सारखेच. पण वाचन संपल्यावर आम्ही उठलो की ती तो चालू ठेवायला सांगते.