कंपनी बदलायला निघालो होतो

नागपुरात वर्धा रोडवर खापरीच्या पुढे जी इमारत उभी राहते, ती जाहिरातीत मिहानमध्येच, म्हणजे विमानतळालगतच्या उद्योग प्रकल्पातच, असते. आमचीही तशीच. अंधेरीतला फ्लॅट विकून मुलाजवळ राहायला आलो तेव्हा मीही सगळ्यांना ‘मिहानला राहतो’ असंच सांगायचो. पुढे विजेच्या मीटरवरून जो घोळ मी घातला, त्याचं मूळ या सांगण्यात आहे.

२०२४ च्या उन्हाळ्यात नागपुरात स्मार्ट प्रीपेड मीटरवरून वातावरण तापलं होतं. रिचार्ज संपला की रात्री पंखा बंद, असं जो तो बोलत होता आणि मी त्यात भर घालत होतो. त्यातच लेस्टरच्या भाचीशी बोलणं झालं. तिकडे प्रीपेड मीटरवरचा ग्राहकही पुरवठादार बदलू शकतो; वीज आणि गॅस, प्रत्येकाची ५०० पौंडांपर्यंतची थकबाकी असली तरी ती नव्या कंपनीकडे वर्ग होते, असं ती म्हणाली. झालं. सोसायटीच्या बैठकीत मी जाहीर केलं, “मीटर लावू देऊ नका. आपण कंपनीच बदलू. मिहानची स्वतःची वीज आहे, ती घेऊ.”

एवढा आत्मविश्वास मुंबईहून आला होता. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००८ मध्ये टाटा पॉवरला मुंबईत घरगुती ग्राहकांना वीज द्यायची मोकळीक दिली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये वीज नियामक आयोगाने उपनगरात एका कंपनीच्या तारांवरून दुसरीची वीज घेण्याची वाट काढून दिली. युनिटचा दर पाहून मी लगेच अर्ज भरला. सुरुवातीला बिल उतरलंही. तारांचं भाडं, म्हणजे वहन आकार, जुन्याच कंपनीला जात होतं, हे मी वाचलं नव्हतं. २०११ पासून कंपनी बदलणाऱ्यांवर क्रॉस सबसिडी अधिभार लागला, पुढे जुन्या कंपनीच्या मागच्या वसुलीतला वाटाही बिलात आला. शेवटी किती वाचले याचा हिशेब मी कधी मांडलाच नाही. लोकांना मात्र छाती फुगवून सांगत राहिलो की आपण कंपनी बदलली आणि जिंकलो.

बैठकीत मिहानमधल्याच एका आयटी कंपनीत काम करणारा शेजारचा मुलगा शांतपणे म्हणाला, “काका, आपण सेझमध्ये थोडीच राहतो!” मी त्याला गप्प केलं. वयाचा असा फायदा घेणं आपल्याकडे फार सोपं असतं.

तो बरोबर होता. मार्च २०१० च्या केंद्राच्या अधिसूचनेने सेझच्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राच्या, विकासकाला वीज वितरणाचा परवानाधारक मानलं, पण ते त्या सेझच्या हद्दीपुरतं. मिहानच्या सेझमध्ये तो विकासक म्हणजे महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी. कुंपणाबाहेरच्या आमच्यासारख्यांना महावितरण एके महावितरण. खुल्या बाजारातून वीज घ्यायची तर मागणी एक मेगावॉटहून जास्त हवी. हरित ऊर्जेसाठी २०२२ च्या नियमांनी ती १०० किलोवॉटवर आणली. आमच्या घरात एक एसी आणि गिझर.

आणि ‘मिहानची स्वतःची वीज’ तरी कुठली? तिथे अभिजीत समूहाबरोबर भागीदारीत २४६ मेगावॉटचा प्रकल्प उभा राहिला होता. स्वस्त, खात्रीची वीज हे मिहानचं मोठं आमिष होतं. मग दरावरून वाद झाला, पुरवठा थांबला, प्रकल्प बंद पडला. मी त्या बंद पडलेल्या प्रकल्पाच्या भरवशावर शेजाऱ्यांना आश्वासनं देत होतो.

नागपूरच्या महाल भागातून आलेल्या एका आजींनी त्या बैठकीत सगळ्यात शहाणं वाक्य उच्चारलं: “आमच्याकडं कंपनी बदलली होती न भाऊ, पण आम्हाले कोनं इचारलं?” २०११ ते २०१९ महाल, गांधीबाग, सिव्हिल लाइन्स भागात वितरणाचं काम खाजगी फ्रँचायझीकडे होतं, नंतर ते महावितरणकडे परत आलं. ग्राहकाच्या हातात बिल यायचं, निवड नव्हती.

तेव्हा तरी मी थांबायला हवं होतं. जून २०२४ मध्ये सरकारने सामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असं जाहीर केलं आणि पुढे जे टीओडी, म्हणजे वापराच्या वेळेनुसार दर लावणारे, मीटर आले ते पोस्टपेड; बिल नेहमीसारखं महिन्याने. मी तो फरक समजून न घेता दारात आलेल्या माणसांना परत पाठवलं आणि इतरांनाही पाठवायला लावलं. १ जुलै २०२५ पासून या मीटरवर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापराला युनिटमागे ८० पैशांपासून सवलत सुरू झाली. मला तिचा फारसा उपयोग नव्हता, आमचा गिझर पहाटे लागतो. पण तळमजल्यावरच्या ताई दिवसभर घरी शिवणकाम करतात. मशीन, इस्त्री, पंखा, सगळं नेमकं त्याच वेळात. माझ्या शब्दावर त्यांनी मीटर नाकारला होता. रक्कम मोठी नसेल, पण ती त्यांची होती. मी जाऊन सांगितलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, कपडा कापत राहिल्या. त्यांचा अर्ज मी भरून दिला.

ज्याच्याविरुद्ध मी घसा कोरडा केला, त्या प्रीपेडचीही एक बाजू मी वाचली नव्हती: २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ४७ नुसार प्रीपेड मीटर घ्यायला तयार असलेल्या ग्राहकाकडून सुरक्षा ठेव मागता येत नाही. म्हणून तो चांगलाच, असं नाही. रोजंदारीवरच्या घरात मध्येच पैसे संपले तर काय, ही भीती खोटी नव्हती आणि अजूनही नाही. पण मी विरोध केला तो ऐकीव गोष्टींवर.

आता समांतर परवान्यांची चर्चा सुरू आहे, उद्या नागपुरातही दुसरी कंपनी दारात येईल. तेव्हा तुमच्या इमारतीत कुणी ‘कंपनी बदलू या’ म्हणत आलं, तर स्थिर आकार, वहन आकार, अधिभार, १६ टक्के वीज शुल्क धरून एकूण बिल किती होईल ते त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या. तो मी असलो तरी.