ओहोटीच्या वेळेवर बेतलेला दिवस

द्वारका-सोमनाथच्या यात्रेस निघणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी बहुतेकांची गाडी जामनगरहून सरळ द्वारकेकडे धावते. वाटेत वाडीनारच्या फाट्यावर थोडे उत्तरेकडे वळले, की नरारा नावाचे एक विलक्षण ठिकाण आहे, याची अनेकांना कल्पनाच नसते. कच्छच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावर १९८२ साली देशातले पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान झाले. त्यातील प्रवाळ पाहण्यासाठी येथे पाणबुड्याचा पोशाख लागत नाही. ओहोटीला समुद्र मागे सरतो आणि आपण चालत त्याच्या तळावर उतरतो. आजी, नातू आणि मधली पिढी यांनी एकत्र पाहावे असे हे स्थळ आहे. मात्र त्यासाठी दिवसाची आखणी नेहमीपेक्षा वेगळी करावी लागते.

अलीकडे आपल्याकडेही शय्या, लहान स्वयंपाकघर आणि शौचालय असलेली मोटारहोम भाड्याने मिळू लागली आहेत. अशा सहलीसाठी ती मला फार सोयीची वाटतात, आणि त्याचे कारण चैन नव्हे. प्रवासात शौचालय मिळेल की नाही या धास्तीने आपल्याकडच्या स्त्रिया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. रक्तदाबाचे कित्येक रुग्ण लघवी वाढवणारी गोळी त्या दिवशी परस्पर बंद करतात. परतल्यावर कोणी मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने, कोणी चक्कर येऊन, कोणी पायांवर सूज घेऊन दवाखान्यात येते. यात्रेच्या मोसमानंतर हे चित्र मी दरवर्षी पाहतो. शौचालय गाडीतच असले, की ही सारी साखळी तुटते. तरीही गोळीची वेळ बदलायची असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच बदलावी.

मोटारहोम म्हणजे चालते घर, हा समज मात्र घातक आहे. गाडी धावत असताना प्रत्येकाने पट्टा लावून आसनावरच बसले पाहिजे. शय्येवर पहुडणे किंवा चहा टाकणे, दोन्ही वर्ज्य. गाडी उभी करून जनित्र किंवा इंजिन चालू ठेवून, खिडक्या लावून कोणीही झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो; झोपलेल्याला तो उठवत नाही. इन्सुलिन गाडीच्या शीतकपाटात ठेवावे, पण बर्फाच्या कप्प्यात नव्हे. गोठलेले इन्सुलिन टाकूनच द्यावे लागते.

आता मुख्य गोष्ट, वेळेची. घरून किती वाजता निघायचे हे आधी ठरवू नका. त्या दिवशीच्या ओहोटीची वेळ प्रथम पाहा आणि तेथून मागे मोजत या. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत आहे. ती येथे जशीच्या तशी लावू नये, कारण भरतीच्या लाटेला आखातात आत शिरायला वेळ लागतो. त्या भागाचेच भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे. एका ओहोटीपासून दुसरीपर्यंत साधारण बारा तास पंचवीस मिनिटे जातात, म्हणजे वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमा आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस उधाणाचे. तेव्हा पाणी सर्वांत दूर जाते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा कमी तळ उघडा पडतो. हिवाळ्यातला, ओहोटी दिवसाउजेडी येणारा दिवस निवडावा.

जामनगरला मुक्काम करावा. तेथून नरारा साधारण साठ किलोमीटर. प्रवेशाचे नियम व परवानगी यांची चौकशी वनखात्याकडे आदल्या दिवशीच करावी. ओहोटी तळाला जाण्यापूर्वी दीड तास पोहोचावे आणि ओसरत्या पाण्यामागे स्थानिक वाटाड्याबरोबर चालत जावे. पाणी तळाला गेले, की परत फिरावे. पहिला तास पाणी संथ चढते, मग वेग घेते. आणि ते समोरूनच येते असे नाही. आपल्या पाठीमागचे सखल ओहोळ आधी भरतात. मुले रमली आहेत म्हणून आणखी अर्धा तास थांबण्याचा मोह येथे आवरलाच पाहिजे.

या दोन-तीन तासांत काय दिसते? गुडघाभर पाण्याच्या डबक्यांत समुद्रपुष्पे फुललेली असतात, खडकाआड तारामासा, समुद्रकाकडी, खेकडे. नशीब असेल तर रंग पालटणारा ऑक्टोपस आणि पोट फुगवणारा केंड मासा. दूरवर तेलवाहू जहाजे उभी असतात, ती आपण कोठे आहोत याची आठवण देतात. प्रवाळावर पाय देऊ नये. दगड उलटलाच तर वाटाड्यानेच उलटावा आणि तसाच परत ठेवावा. शंखांपैकी शंकूच्या आकाराच्या काही जाती विषारी दंश करतात, म्हणून मुलांनी जिवंत शंख उचलू नये. वाळूत दबून बसलेल्या पाकटावर पाय पडू नये म्हणून पाय उचलून न टाकता घासत चालावे. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवल्याने वेदना उतरते. त्यानंतर रुग्णालय गाठावे.

चप्पल नको, अनवाणी तर नकोच. जाड तळव्याचे, नाडीचे जुने बूट घालावेत. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्या व्यक्तीला प्रवाळाने कापल्याचे कळतही नाही. अशांनी, तसेच पायावर उघडी जखम असलेल्यांनी आणि यकृताचा विकार असलेल्यांनी पाण्यात उतरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खाऱ्या पाण्यातले काही जिवाणू या रुग्णांत काही तासांत भयंकर रूप धारण करतात. आजोबांची हौस मोडू नका. काठावर खारफुटीजवळ खुर्ची, दुर्बीण आणि सोबतीला एक माणूस द्या. पक्षी तेथेही भरपूर असतात.

परत आल्यावर मोटारहोममधल्या गोड्या पाण्याने सर्वांनी पाय धुवावेत. बोटांच्या बेचक्या उजेडात नीट पाहाव्यात. खरचटले असेल तर साबण व वाहत्या पाण्याने धुवावे, आतले कण काढावेत. हळद वा कॉफीची पूड भरू नये. धनुर्वाताची लस पाच वर्षांत झालेली नसेल तर घ्यावी. वाढत जाणारी लाली, फोड, ताप किंवा जखमेच्या मानाने फार जास्त वेदना दिसली, तर द्वारकेचे दर्शन राहू द्या आणि त्याच रात्री जामनगरला परता. गाडीच्या शौचालयाची टाकी मात्र किनाऱ्यावर कदापि रिकामी करू नका. ती कोठे रिकामी करायची, हे गाडी ताब्यात घेतानाच मालकाला विचारून ठेवा.